नाताळ सगळ्यांचा कसा झाला? चर्चमधला सण तालुक्याच्या बाजारात येईपर्यंतची गोष्ट

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात लाल टोप्या, चांदण्या आणि प्लास्टिकची झाडं टांगलेली दिसतात. आता वैजापूर, गंगापूर, सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावांतही बेकरीवाले केकच्या ऑर्डरी घेतात. शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या मुलांना लाल ड्रेस घालून पाठवा’ असा मेसेज येतो. हे सगळं घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती? २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण १० लाख ८० हजार होती, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. मग इतक्या थोड्या लोकांचा सण इतक्या घरांत शिरला कसा? खरं सांगायचं तर सण अख्खा आलाच नाही. त्याचे तुकडे आले, एकेक करून.

आधी आली ती सुट्टी

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत जन्मदिवसाच्या या सणाला ‘नाताल’ म्हणतात. गोवा आणि वसईच्या पट्ट्यात पोर्तुगीज राजवटीमुळे हा सण जुना आहे. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत सांगणारं फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ सालीच छापलं गेलं होतं.

बाकीच्या महाराष्ट्राला मात्र नाताळ भेटला तो सुट्टी म्हणून. इंग्रजांच्या राज्यात डिसेंबरअखेर कोर्टकचेऱ्या आणि शाळा-कॉलेजं बंद असायची. वकील, मास्तर, कारकून एकाच वेळी मोकळे. आपल्या पुढाऱ्यांनी याचा चांगलाच उपयोग करून घेतला. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ ला सुरू झालं. नागपूरचं १९२० चं आणि बेळगावचं १९२४ चं अधिवेशनही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलंच. महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, ती तारीखही २५ डिसेंबर १९२७. म्हणजे चर्चची पायरी न चढलेल्या हजारो लोकांच्या बोलण्यात ‘नाताळची सुट्टी’ हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच रुळला होता.

आपल्या भागातला नाताळ

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तरी संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) आणि जालन्याला लष्करी छावण्या होत्या. छावणी आली की गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी चर्च आलंच. पण गावात नाताळ पोचवला तो मिशनऱ्यांनी आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांनी. ब्राह्मण घरात जन्मलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. जालना १ मे १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होतं. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे कॅथलिक मिशनचं जुनं ठाणं. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला.

खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ बाजारातल्या नाताळपेक्षा बराच वेगळा असतो. घराची रंगरंगोटी होते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असा फराळ होतो. पोरं-सोरं घरोघर गाणी म्हणत फिरतात, साथीला ढोलकी असते. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणण्यासाठी शेजारच्या नगरमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी केलेली धडपड या सगळ्यामागे आहे. सण येतो नेमका ऊसतोडीच्या हंगामात. त्यामुळे तोडीवर गेलेल्या घरातली सगळी माणसं गावी येतीलच असं नाही. केक मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही. प्रार्थना आणि माणसं घरी येणं, हाच त्यांचा सण.

सांता कुठून आला?

बायबलमध्ये सांताक्लॉज नाही, नाताळचं झाड नाही, आणि येशूच्या जन्माची तारीखही नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, सन ३३६ ची. सांताच्या मुळाशी आहेत बिशप निकोलस. ते आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे, चौथ्या शतकातले. मुलांना भेटी देण्याची त्यांची आख्यायिका डच लोकांनी अमेरिकेत नेली. तिथे १८२३ मध्ये छापलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडियरची गाडी दिली. चित्रकार थॉमस नास्ट यांनी त्याला गुटगुटीत, दाढीवाला केला. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी लाल कपड्यांतला हसरा आजोबा जगभर पोचवला.

गंमत म्हणजे त्याच अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स भागात १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. दारू पिऊन धिंगाणा घालायचा हा दिवस, बायबलला धरून नाही, असं तिथल्या कडव्या ख्रिस्ती मंडळींचं म्हणणं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात कारखाने आणि शहरं वाढली, तसा हा सण घरात आला. तो मुलांचा, भेटींचा आणि खरेदीचा झाला. लंडनमध्ये पहिलं छापील नाताळकार्ड निघालं ते १८४३ मध्ये. जर्मनीतलं सजवलेलं झाड इंग्लंडच्या राजवाड्यातून सामान्यांच्या घरी गेलं तेही याच सुमारास. आपल्याकडे आता येतोय तो मुख्यतः हा, घरगुती आणि बाजारी झालेला नाताळ. तो घ्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही. जपानमध्ये ख्रिस्ती लोक अगदी थोडे, पण तिथे १९७४ पासूनच्या जाहिरातींमुळे नाताळला तळलेलं चिकन खाण्याची पद्धतच पडली.

शाळा, बेकरी आणि थंडी

आपल्याकडे या तुकड्यांना वाट मिळाली ती तीन ठिकाणी. मिशनच्या शाळांतला कार्यक्रम गावोगावच्या खासगी इंग्रजी शाळांनी उचलला. बेकऱ्यांना वाढदिवसांपलीकडे केक विकायला एक दिवस मिळाला. आणि नाताळ ते ३१ डिसेंबर असा सुट्टीचा पट्टा तयार झाला. वेरूळ-अजिंठ्याला पर्यटकांची गर्दी होते ती थंडीच्या याच दिवसांत. त्यामुळे हॉटेलवाले रोषणाई करणारच.

मग वाद कशाचा?

दर डिसेंबरला कुठे ना कुठे वाद होतो: मुलांना सांता का करता? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. लाल टोपी घातल्याने कुणाचा धर्म बदलत नाही. चर्चमधली उपासना त्या टोपीत नाहीच. पण पालकांना न विचारता मुलाला काही करायला लावणंही बरोबर नाही. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते. सांताचा ड्रेस थेट या कलमात बसत नाही, तरी आधी विचारलं तर निम्मे वाद मिटतात.

दुसरी बाजूही पाहायला हवी. टोपी आणि केक सगळ्यांनी घेतला, पण ज्यांचा हा सण त्यांची ओळख अनेकांना नसते. मराठवाड्यातल्या खेड्यांतले बरेच ख्रिस्ती दलित समाजातून आलेले, शेतमजुरी करणारे आहेत. १९५० च्या आदेशानुसार धर्म बदलल्यावर त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. ‘नाताळ इंग्रजांचा, श्रीमंतांचा’ असं कुणी म्हणालं, तर त्याने गावातल्या या घरांकडे एकदा जरूर पाहावं. २५ तारखेला तिथे दार उघडं असतं, आणि पुढ्यात येते ती करंजी.