भट्टीची वीट निवडताना

पोलादाच्या भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमान असते. हा रस बाहेरच्या लोखंडी कवचापर्यंत पोहोचू देत नाही ते आतले विटांचे अस्तर. ते फुटले तर रस बाहेर येतो, आणि भट्टीभोवती माणसे काम करत असतात.

मग जास्तीत जास्त उष्णता सोसणारी वीट घेतली की झाले का? नाही. सिलिकाची वीट एवढ्या उष्णतेत टिकते, पण ती आम्लधर्मी असते. पोलादातला फॉस्फरस काढण्यासाठी चुना घालतात, आणि त्याची मळी अल्कधर्मी असते. ती सिलिकाची वीट खाऊन टाकते. म्हणूनच ब्रिटनमध्ये थॉमस आणि गिलख्रिस्ट यांनी १८७८-७९ मध्ये अल्कधर्मी अस्तर वापरात आणले. आज अशा भट्ट्यांत मुख्यतः मॅग्नेशिया-कार्बनच्या विटा लावतात. सिलिकाची वीट मात्र कोक भट्टीत आजही कामी येते.

तेव्हा वीट घेताना अंशांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: तिला कोणती मळी लागणार, भट्टी किती वेळा तापणार-निवणार, आणि विटेवर भार किती पडणार? मॅग्नेशियाची वीट ओलीपासूनही जपा. पाणी लागले तर ती फुगून तडकते.