पिशवीचं बूड

दाण्याच्या पिशवीला बूड लागत नाही. पायलीभर ज्वारी ओतली की दाणे आपापसात सरकून बसतात आणि पिशवी उभी राहते. म्हणून पडशी, झोळी, बारदान, पानसुपारीची चंची यांतल्या कशालाच ताठ बूड नव्हतं. ते लागायला लागलं स्टीलच्या डब्यामुळं. डबा सरकत नाही, वाकत नाही. तो पिशवीच्या मधोमध खड्डा करतो आणि मग त्याच खड्ड्यात कलंडतो.

हे ज्ञान मला बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना पॅसेंजरमध्ये झालं. पाटोडीचा रस्सा डब्यातून मांडीवर आला होता. पिशवी दिसायला सुरेख होती, खणाच्या काठाची, आतून अस्तर लावलेली. शिवली मीच होती, त्यामुळं बोल लावायला दुसरं कोणी नव्हतं. अकोल्याच्या मावशीनं ती हातात घेतली आणि बुडाची शिवण ब्लेडनं उसवली. आतून करड्या लगद्याचे गोळे पडले. दोन वर्षांपूर्वी मी तिथं खोक्याचा पुठ्ठा घालून चारी बाजूंनी शिवून टाकला होता.

‘बुडात पुठ्ठा शिवून टाकला, तं धुशीन कशी वो?’ मावशी म्हणाली.

तेव्हापासून मी दिसेल त्या पिशवीच्या बुडाशी बोटं दाबून पाहते. बचतगटाच्या प्रदर्शनात, अमरावतीच्या इतवारा बाजारात, लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या पिशव्यांत. बहुतेकींत पुठ्ठाच हाताला लागतो, नाहीतर काहीच लागत नाही.

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ रोजी, आणि तिची अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. त्यानंतर कापडी पिशव्या शिवणाऱ्या हातांना काम मिळालं. त्याबरोबर एक सोंगही बाजारात आलं. कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच, न विणलेलं. ओळखायची असेल तर कडेचा एक धागा काडीवर धरा. सूत जळतं, त्याचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि मागं राख उरते. नॉनवोव्हन मात्र वितळून त्याचा मणी होतो.

खरी सुती पिशवी म्हणजे पुण्यच, असं आपण गृहीत धरतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. सुपरमार्केटच्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची, तर फक्त हवामानबदल मोजला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली पाहिजे. पाणी, खतं, ओझोन असे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. या दुसऱ्या आकड्यावर बरीच वादावादी झाली आणि ती रास्तच आहे, कारण त्यातला मोठा वाटा एकट्या ओझोनच्या रकान्यातून येतो. पण कापूस पिकवायला काय लागतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला डेन्मार्कनं सांगायला नको. पिशवी टिकली तरच तिचं पुण्य. आणि माझ्या पाहण्यात सुती पिशवी कापड विरून मरते त्याच्या कितीतरी आधी ती बुडानं जाते. बूड बसलं की ती खिळ्यावर लटकते, तिथून जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात जाते.

तर बुडात घालायचं काय?

पुठ्ठ्यापासून सुरुवात करू, कारण तो फुकट मिळतो. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो. त्या पन्हाळ्या ज्या दिशेनं धावतात त्या दिशेला तो ताठ असतो, आडवा मात्र सहज मोडतो. म्हणून पन्हाळ्या बुडाच्या लांबीबरोबर याव्यात. निम्म्या पिशव्यांत त्या आडव्या असतात, कारण कापणारीनं खोकं जसं पडलं होतं तसं कापलेलं असतं. दुसरी गोष्ट पाण्याची. कागदातले तंतू ज्या बंधांनी एकमेकांना धरून असतात ते बंध पाणी सोडवतं. भाजीची ओली जुडी त्याला पुरेशी आहे.

शिंप्याकडचं बक्रम पुष्कळजणी वापरतात. कॉलरला ते शोभतं. साधं बक्रम म्हणजे खळ दिलेलं जाळीदार कापड, पहिल्या धुण्यात खळ जाते आणि उरते जाळी. इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग धुण्यात टिकतं, पण एका थरात त्याचा ताठपणा कॉलरपुरताच असतो. दोन किलोच्या डब्याखाली ते मुकाट्यानं वाकतं.

निवडणूक झाली की सनपॅकच्या पाट्या गल्लोगल्ली पडलेल्या असतात. पॉलिप्रॉपिलीनचा तो पोकळ पन्हाळीचा पत्रा हलका, धुता येणारा, न कुजणारा. कापडी पिशवीत प्लास्टिक घालायचं का, या प्रश्नावर माझं मत सोवळं नाही. पाटी आधीच घरात असेल तर ती बुडात दहा वर्षं राहिलेली उकिरड्यावर पडण्यापेक्षा बरी. नवी मात्र त्यासाठी विकत आणू नये. कोपरे रुपयाच्या नाण्याभोवती पेन फिरवून गोल कापावेत, नाहीतर टोकदार कोपरा सहा महिन्यांत कापडातून बाहेर डोकावतो. फ्लेक्सचा बॅनर मात्र ताठपणासाठी निरुपयोगी. तो लोंबतो. पुठ्ठ्याला पाणी लागू नये म्हणून वेष्टण करायला ठीक. आणि यातलं काहीही ग्लूगननं चिकटवू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत तो चीक मऊ पडून जोड सरकतात.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात चकित केलं ती. दोन विटा लग्नपत्रिकेच्या लांबीपेक्षा थोड्या कमी अंतरावर ठेवा. त्यांवर चार लग्नपत्रिका एकावर एक नुसत्या ठेवून मधोमध भरलेली वाटी ठेवा. पत्रिका मधे झोळ खातात. मग त्याच चार पत्रिका खळीनं चिकटवून, पाट्याखाली रात्रभर दाबून, वाळवून पुन्हा विटांवर ठेवा. वाटी हलत नाही. कागद तेवढाच, वजन जवळपास तेवढंच.

याचं गणित साधं आहे. सुटे थर वाकताना एकमेकांवर सरकतात, म्हणून चार सुट्या थरांचा ताठपणा एकाच्या चौपट. चिकटलेले थर सरकू शकत नाहीत, ते एकच जाड पाटी होतात, आणि पाटीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट, जाडी चौपट तर चौसष्टपट. पत्त्यांचा कॅट हातात वाकवून पाहिला आहे ना? तेच पत्ते चिकटवले असते तर मनगट दुखलं असतं. म्हणजे बुडासाठी वस्तू शोधताना आपण उगाच पुठ्ठा, प्लाय, प्लास्टिक करत बसतो. महत्त्वाची आहे ती थरांमधली खळ.

आणि खळ वऱ्हाडाला शिकवायला नको. चिंचोके भाजायचे, टरफल सोडवायचं, पांढरा गर दळून पाण्यात शिजवायचा. हीच चिंचोक्याची पूड सुती आणि तागाच्या गिरण्यांत सुताला खळ द्यायला वापरली जाते. मैद्याच्या खळीपेक्षा ती चिवट. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे, झुरळं आणि कसर लागू नये म्हणून. लक्ष्मीपूजनाला पुजल्या जाणाऱ्या लाल कापडाच्या वह्यांचे पुठ्ठे असेच वर्षानुवर्षं टिकले. पण मोरचूद विषारी. भाजी आणि डबा जायच्या पिशवीत ते नको.

मोरचुदाला घरातच पर्याय होता, आणि तो बायकांनी शोधलेला. रद्दी कागद भिजवून, त्यात भिजवलेली मेथी वाटून, तो लगदा घमेल्यावर किंवा पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या. आजीच्या घरी अशा टोपलीत डाळ राहायची. मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा गोंद असतो, तो तंतूंना बांधतो. आणि मेथी कडू असते म्हणून कीड तोंड लावत नाही, असं आजी सांगायची. हाच लगदा घमेल्यावर न थापता ताटाच्या पाठीवर सपाट थापला, वर फळी ठेवून दाबला, की बुडाची पाटी तयार. माझी पहिली पाटी वाळताना पापडासारखी वळली, कारण मी ती दाब काढून उन्हात ठेवली होती. दुसरी सावलीत, वजनाखाली वाळवली. ती अजून आहे.

लगद्यात चिंध्या असतील तर आणखी बरं. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, तिथं कपड्यांच्या सुती कातरणीपासून कागद होतो. सुताचे तंतू लांब, म्हणून तो कागद चिवट. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कपड्याचा व्यवसाय आहेच, आता कापडउद्योगाचा पीएम मित्र पार्कही होऊ घातला आहे, त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. जिथं कापड कापलं जातं तिथं कातरण पडतंच. मला त्या पार्कपेक्षा त्याच्या कातरणीची उत्सुकता जास्त आहे.

खळ नको असेल तर धावदोरा. गोधडी म्हणजे दुसरं काय? जुन्या लुगड्यांचे थर दाट टाक्यांनी एकमेकांना बांधले की ते सरकत नाहीत, आणि मऊ कापडाला कणा येतो. टाका जितका दाट, गोधडी तितकी ताठ. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे, अंगावर चिंध्यांची ठिगळं म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. बुडासाठी जुन्या जीन्सचे चार थर घ्यावेत आणि बोटाच्या पेरात चार टाके बसतील इतकं दाट शिवावं. हे बूड पुठ्ठ्याइतकं ताठ होत नाही. पण ते पिशवीसकट धुता येतं, आणि भाजीच्या पिशवीला तेवढं पुरतं.

आपल्या शेताच्या बांधावरचं एक झाड यात विसरलं गेलं. अंबाडी. ज्वारीच्या कण्या घालून केलेली तिची भाजी अजून ताटात आहे, पण तिचा वाख गेला. पूर्वी ताटं पाण्यात सडवायची, साल सोलून धुवायची, त्यातून निघालेल्या वाखाची दावी, कासरे, चऱ्हाटं वळायची, आणि उरलेल्या सणकाड्या चूल पेटवायला. नायलॉन आला आणि पोळ्याचा कासराही त्याचाच झाला. वाखाची तीनपेडी वेणी घालून त्या वेण्या शेजारी शेजारी मांडून सुतळीनं शिवल्या तर चांगलं घट्ट बूड होतं, जाड पायपुसण्यासारखं. मात्र ते ओलं राहू देऊ नये. तागासारखाच वाखही ओलाव्यात कुजतो.

ताठपणात पहिला नंबर मी बांबूला देते. मेळघाटात मिळतो तो मानवेल जातीचा बांबू भरीव, मजबूत. धारणी तालुक्यातल्या लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू कारागिरांच्या हाताला बाजार मिळवून दिला. पूर्वी खाजगी जमिनीवरचा बांबूदेखील वनकायद्यानं ‘झाड’ समजला जायचा. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरच्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका झाली, नाहीतर शेतकऱ्यानं लावलेला बांबू तोडून नेण्यालाही वनखात्याचा कागद लागायचा.

बुडासाठी पातळ कामट्यांचा तट्टा विणून घ्यावा. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, आतला गाभा त्या मानानं ठिसूळ. डबा वरून दाबतो तेव्हा पाटीची खालची बाजू ताणली जाते, म्हणून कामटीची हिरवी पाठ खाली यायला हवी. बुरडाला हे सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. कडा जुन्या पायजम्याच्या नाडीनं बांधून घ्याव्यात, नाहीतर कामटीचं टोक अस्तर फाडतं. आणि बांबू पाण्यात मुरवलेला आहे का, हे विचारावं. त्यातला स्टार्च धुऊन निघाला नाही तर भुंगा लागतो आणि एके दिवशी डब्याच्या झाकणावर पिवळी पूड पडलेली दिसते.

पऱ्हाटीबद्दल लिहिल्याशिवाय वऱ्हाडातला लेख पुरा कसा होईल? कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते, आणि बरीचशी जाळली जाते. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, सिरकॉटनं, पऱ्हाटीचा भुगा रेझिननं बांधून दाबलेला पार्टिकल बोर्ड करून दाखवला आहे. पण तो टेबलाच्या कामाचा. पिशवीच्या बुडाला तीन मिलिमीटरच्या वर काही नको, आणि तेवढ्या पातळ थरात भुशाचा बोर्ड तुटतो. त्यापेक्षा पऱ्हाटीची साल मला खुणावते, तिचा वाख अंबाडीच्या जवळ जाणारा. करून पाहिलेलं नाही, म्हणून इथंच थांबते.

वस्तू कोणतीही घ्या, ती पिशवीला शिवू नका. उशीला अभ्रा घालतो तशी तिला कापडी खोळ करायची, एका बाजूनं उघडी, आणि ती बुडावर नुसती ठेवायची. पाटी बुडापेक्षा चारी बाजूंनी करंगळीच्या नखाएवढी लहान, म्हणजे शिवणीवर घासत नाही. आणि वजन पाटीनं उचलायचंच नाही. पिशवीचे बंद काठाशी न संपवता ते बुडाखालून पट्ट्यासारखे फिरवून दुसऱ्या बाजूला वर न्यावेत. मग डब्याचा भार बंदांवर येतो, पाटी तो फक्त पसरवते. बचतगटांच्या पिशव्यांत हे क्वचित दिसतं, कारण त्याला मीटरभर पट्टी जास्त लागते आणि गिऱ्हाईक पिशवी उलटी करून पाहत नाही. ते दर पाहतं, आणि काठ पाहतं.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेले तेव्हा मावशीनं माझी ती खणाची पिशवी परत दिली. बंद बुडाखालून फिरवलेले होते. आत जुन्या पोलक्याची खोळ, खोळीत बांबूचा तट्टा. निघताना तिनं तट्टा बाहेर काढला, कडाप्प्याच्या ओट्यावर दोनदा आपटला, भुंग्याची पूड पडते का ते पाहिलं, परत आत सारला आणि त्यावर डबा ठेवला.

‘रस्साच हाय,’ ती म्हणाली. ‘पाहू आता.’