डब्लिनच्या समुद्राचं पंचांग वेगळं

मार्चमध्ये डब्लिनला एखादा दिवस लख्ख उजाडतो. सेंट पॅट्रिक्स डेची सुट्टी असते, डॅफोडिल्स फुललेले असतात आणि हिवाळाभर जाड कोटात वावरलेली ब्युमॉन्ट उपनगरातली माणसं जेमतेम पाच किलोमीटरवरच्या डॉलीमाउंटच्या किनाऱ्याकडे निघतात. ख्रिसमसच्या दिवशी लोक समुद्रात उड्या मारतात, मग आज उन्हात डुंबायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटावं. पण ख्रिसमसच्या सुमारास डब्लिन उपसागराचं पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि मार्चमध्ये ते आठ-नऊ अंशांवर उतरलेलं असतं. वर्षातलं सर्वांत गार पाणी फेब्रुवारी-मार्चचं. म्हणजे डिसेंबरात कुडकुडत समुद्रात शिरणारे लोक सेंट पॅट्रिक्स डेच्या हौशी मंडळींपेक्षा उबदार पाण्यात असतात!

हवा भराभर तापते आणि निवते. पाण्याला मात्र तापायला कितीतरी जास्त उष्णता लागते, आणि ती सोडायलाही ते बराच वेळ घेतं. त्यामुळे समुद्राचं पंचांग आकाशाच्या मागे दीड-दोन महिने रेंगाळतं. सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो, पण पाणी सर्वांत उबदार होतं ते ऑगस्टमध्ये, तेही १५-१६ अंशांपर्यंतच. सप्टेंबरात शाळा उघडलेल्या असतात, स्वेटर बाहेर निघतात, तेव्हाही समुद्र जूनच्या सुरुवातीपेक्षा उबदार असतो. रोज पोहणाऱ्यांना हे ठाऊक असतं. फसतो तो मे महिन्यातल्या पहिल्या उन्हाळी सुट्टीला उतरणारा.

याच्या उलटही एक समज आहे. इतक्या उत्तरेला म्हणजे हिवाळ्यात समुद्र गोठतच असेल! डब्लिन ५३ अक्षांशावर आहे आणि कॅनडातलं लॅब्राडोरचं गूज बेही जवळपास त्याच अक्षांशावर. तिथलं पाणी हिवाळ्यात खरोखरच गोठतं. आयर्लंडला मात्र नैर्ऋत्येकडून येणारा उत्तर अटलांटिकचा उबदार प्रवाह आणि त्यावरून वाहणारे पश्चिमी वारे वाचवतात. पण हा प्रवाह बर्फ रोखतो, पाणी डुंबण्याजोगं गरम करत नाही. मुंबईचा समुद्र जानेवारीतही २४-२५ अंशांच्या आसपास असतो. डब्लिनचा ऐन ऑगस्टमधला समुद्र त्याहून आठ-नऊ अंशांनी गार.

आता सर्वांत घातक गैरसमज. थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, आणि गारठायला वेळ लागतो, तेव्हा दोन मिनिटांनी काय होतंय? वस्तुस्थिती उलटी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला साधारण अर्धा तास तरी लागतो. धोका त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटात असतो. १५ अंशांहून गार पाण्यात अचानक पडलं की त्वचेच्या संवेदनांमुळे श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. तो पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर प्रश्नच मिटला. याला ‘थंड पाण्याचा धक्का’ म्हणतात. त्याचा जोर अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो.

इथे पट्टीचा पोहणारासुद्धा सुटत नाही. वाईला कृष्णेच्या डोहात किंवा गावच्या विहिरीत सूर मारत वाढलेल्याला हे पटणं अवघड जातं, कारण त्याचं कसब खरं असतं. पण पहिल्या मिनिटात अडतं ते श्वासावर, हातापायांच्या कसबावर नाही. तो टप्पा पार झाला तरी दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे स्नायू गार पडतात, बोटं मिटेनाशी होतात, आणि किनारा समोर दिसत असताना हात चालत नाहीत. म्हणूनच ब्रिटन-आयर्लंडची जीवरक्षक संस्था आरएनएलआय सांगते: पाण्यात पडलात तर आधी पोहू नका, डोकं मागे टेकवून उताणे तरंगा, श्वास ताब्यात आला की मगच हालचाल करा.

सूर मारण्यापेक्षा पायऱ्यांनी उतरणं चांगलं. छोट्या छोट्या डुबक्या वारंवार घेतल्या तर शरीराला सवय होते. पाच-सहा डुबक्यांतही धक्क्याचा जोर बराच कमी होतो. मात्र ही सवय म्हणजे कवच नव्हे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करूच नये.

पाण्याबाहेर आल्यावर ब्रँडीचा घोट? नको. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंगात ऊब आल्यासारखी वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. कढत शॉवरही लगेच नको, चक्कर येऊ शकते. बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरतच राहतं, त्यामुळे खरी हुडहुडी कपडे चढवताना भरते. अंग पुसावं, वरच्या अंगापासून कोरडे कपडे घालावेत, गरम चहा घ्यावा आणि काकडत असताना गाडी चालवू नये.

डॉलीमाउंटचं पाणी उथळ, म्हणून सुरक्षित, असंही म्हटलं जातं. हा किनारा ज्या बुल बेटावर आहे ते बेटच मुळात दोनशे वर्षांचं. बंदराच्या मुखाशी गाळ साचू नये म्हणून १८२० च्या दशकात बुल भिंत बांधून पूर्ण झाली आणि तिच्या आडोशाने वाळू साचत साचत बेट तयार झालं. १९८१ पासून युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. या सपाट वाळूवर ओहोटीला पाणी फार दूर जातं, आणि भरती मात्र वाळूतल्या खोलगट भागांतून आधी शिरून माणसाच्या मागे येऊ शकते. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या घरात जातो. बुल भिंतीवर हर्बर्ट सिम्स या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात आखलेले पोहणाऱ्यांचे निवारे आहेत. तिथले नेहमीचे लोक भरतीचं वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडतात.

आणि पाऊस पडून गेला की पाणी स्वच्छ होतं, हाही भ्रमच. जोरदार पावसानंतर शहरातलं पावसाचं पाणी आणि तुंबलेल्या गटारांचं सांडपाणी नद्या-नाल्यांतून उपसागरात येतं. ब्युमॉन्टजवळच्या कूलॉकमधून वाहणारी सँट्री नदी रहेनीपाशी बुल बेटामागच्या खाडीलाच मिळते. अशा वेळी नगरपालिका ‘पोहू नका’ची सूचना लावते. पाणी नितळ दिसत असलं तरी ती सूचना पाळायची असते, कारण जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

तेव्हा डॉलीमाउंटला जरूर जा, पण एकट्याने उतरू नका आणि निघण्यापूर्वी पाण्याचं तापमान, भरतीची वेळ आणि नगरपालिकेची सूचना पाहा. कुणी संकटात दिसलं तर त्याच्यामागे स्वतः उडी न मारता तरंगणारं काहीतरी फेका, ११२ वर फोन लावा आणि ‘कोस्ट गार्ड’ मागा.