मेण लावलेल्या सुती कापडाची पावसाळी कुंची

सुती कापडाला मेण लावले की विणीतल्या फटी बुजतात आणि पाण्याचा थेंब न पसरता ओघळून जातो. ब्रिटनमधील खलाशी पूर्वी शिडाच्या कापडाला जवसाचे तेल चोळत. ते कालांतराने पिवळे पडून कडक होई. पुढे पॅराफिन मेणाने ही अडचण दूर केली.

कुंचीसाठी दाट विणीचे कापड आणि तीन तुकडे पुरतात: दोन बाजू आणि कपाळापासून मानेपर्यंतची मधली पट्टी. दोनच तुकडे जोडले तर शिवण डोक्याच्या मधोमध येते आणि पाणी नेमके तिथूनच झिरपते. म्हणून तीन तुकड्यांचा बेतच उत्तम.

खरी काळजी शिवताना घ्यावी लागते. मेणकापडात सुईचे भोक बुजत नाही. उसवलेली प्रत्येक टीप गळतीची जागा ठरते. त्यामुळे बेत आधी जुन्या चादरीवर करून पाहावा, टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत, दोरा पॉलिएस्टरचा आणि टाका लांब ठेवावा. शिवणीच्या कडा आत दुमडून वरून दुसरी टीप मारावी. इस्त्री मात्र फिरवू नये. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. घडी नखाने दाबली तरी बसते.

शेवटी शिवणींवर मेण चोळून केस वाळवायच्या यंत्राने जिरवावे. कुंची साबणाने धुऊ नये, गार पाण्याने पुसावी, दरवर्षी नव्याने मेण द्यावे आणि शेकोटीपासून दूर ठेवावी. हे कापड चटकन पेट घेते.