घसरण्याची विद्या

कोकणात जन्मलेल्या मुलाला 'घसरू नकोस' हा धडा फार लवकर मिळतो. आषाढ लागला, की घरापुढची पाखाडी शेवाळाने हिरवी होते, जांभ्याच्या पायऱ्यांवर पाय टाकताच तो सटकतो आणि ओसरीवरून आजीचा आवाज येतो, "सांभाळून ये रे!" आपल्या भाषेतही घसरण हा शब्द चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. गुणांची घसरण होते, भावांची घसरण होते, प्रसंगी जीभसुद्धा घसरते. अशा आपल्याला कोणी सांगितले, की जगात मुद्दाम घसरण्याची एक विद्या आहे, तिचे वर्ग भरतात, तिला शिक्षक असतात आणि ती शिकण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे शेकडो कोस प्रवास करतात, तर नवल वाटणे साहजिकच आहे. ह्या विद्येला स्कीइंग म्हणतात. अलीकडे आपल्याकडील काही कुटुंबेही हिवाळ्यात काश्मीरला किंवा उत्तराखंडात तिच्यासाठी जाऊ लागली आहेत. म्हणून ती काय आहे आणि तिच्यासाठी प्रवासाची आखणी कशी करावी लागते, हे आज आपण पाहू.

मुलांनो, तुमच्या ओळखीचा बर्फ म्हणजे मिरकरवाडा बंदरावर मासळी टिकविण्यासाठी फोडतात तो, किंवा गोळेवाला किसतो तो. तो पाणी गोठून झालेला असतो. आकाशातून पडणारे हिम ह्याहून वेगळे. ढगातील वाफ पाणी न होता थेट गोठते, तिचे सहा पाकळ्यांचे इवले स्फटिक बनतात आणि ते पिंजलेल्या कापसासारखे अलगद खाली येतात. ह्या स्फटिकांच्या फटींत हवा कोंडलेली असते. म्हणूनच ताज्या हिमावर पाय ठेवला, की तो गुडघ्यापर्यंत रुततो.

उत्तरेकडील देशांतील माणसांना वर्षाचे कित्येक महिने अशा हिमातून वाट काढावी लागे. त्यांनी हजारो वर्षांपूर्वी एक युक्ती शोधली. पायांखाली लांब, अरुंद फळ्या बांधल्या, तर माणूस रुतत नाही. स्की हा शब्द नॉर्वेच्या भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ चिरलेली लाकडी फळी असाच आहे. ह्या युक्तीचे गणित तुम्हीही करू शकाल. तुमचे वजन ३६ किलो आणि दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर १२० ग्रॅम भार पडतो. आता १३० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की बांधा. क्षेत्रफळ झाले २,०८० चौरस सेंटिमीटर. भार उरला जेमतेम १७ ग्रॅम. शिवाय हिमाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा निसरडा असा अतिशय पातळ थर असतो, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. त्यामुळे फळी न रुतता सरकू लागते.

प्रारंभी हे केवळ चालण्याचे साधन होते. १८८८ साली नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले, तेव्हा साऱ्या युरोपचे लक्ष ह्या फळ्यांकडे वेधले. त्याच्याच देशातल्या सोंद्रे नूरहाइम ह्याने त्याआधी टाचेलाही पकड देणारे बंध वापरून, वेगात असताना वळता येते हे दाखवून दिले होते. फळीवर उभे राहणे जुने होते. मनाप्रमाणे वळणे व थांबणे नवे होते. आपल्या देशात गुलमर्ग येथे १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की मंडळ काढले. १९४८ मध्ये तेथेच आपल्या सैन्याची स्कीशाळा सुरू झाली. १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोवस्की हा भारताचा पहिला स्पर्धक उतरला, आणि २०२२ मध्ये बीजिंगला भारतातर्फे एकटा गेलेला आरिफ खान हा तर गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग भागातलाच मुलगा.

आता समजा, तुमच्या घरच्या चार-पाच माणसांनी जावयाचे ठरविले. पहिली अडचण हवामानाची नसून शाळेच्या वेळापत्रकाची आहे! आपली मोठी सुट्टी मे महिन्यात येते, आणि गुलमर्गच्या शाळेच्या उतारांवर तेव्हा गवत उगवलेले असते. हिमाचे दिवस डिसेंबरअखेरपासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंतचे. त्यातही जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात भरवशाचे. फ्रान्समध्ये देशाचे तीन विभाग पाडून प्रत्येकाला फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगवेगळ्या आठवड्यांत सुट्टी देतात, म्हणजे डोंगरावर एकाच वेळी गर्दी होत नाही. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया ह्या देशांत तर पुष्कळ शाळाच मुलांना आठवडाभर स्की शिकावयास घेऊन जातात. आपल्याला रीतसर अर्ज करून रजा मागावी लागेल. आयुष्यभर असे अर्ज वाचलेला मनुष्य म्हणून सांगतो, अर्जात खरे कारण लिहावे. आजीला खोटा आजार जडवू नये.

तीन दिवसांत हे शिकून होत नाही. औली येथे सरकारी पर्यटन मंडळ पूर्वीपासून सात व चौदा दिवसांचे वर्ग चालवीत आले आहे. गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे, आणि मनालीची १९६१ मध्ये स्थापन झालेली पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर शिकविते. अशा वर्गांना वयाची अट असते. ती आधी पत्राने किंवा फोनने विचारून घ्यावी. मूल अटीत बसत नसेल, तर नोंदणीकृत खाजगी शिक्षक शोधावा. औलीला जाणाऱ्यांनी रस्त्याची चौकशी विशेष करावी. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ गावाची जमीन खचू लागली आणि तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने दिल्ली गाठता येते. पुढे कटऱ्यापासून श्रीनगरपर्यंत जून २०२५ पासून थेट गाडी धावते, आणि श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गनंतरचा घाट हिमाने भरलेला असतो, तेथे मोटारीच्या चाकांना साखळ्या बांधतात. जाण्यायेण्यातच पाच-सहा दिवस मोडतात हे हिशेबात धरावे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी काहींची मुले मात्र ही विद्या भर वाळवंटात शिकतात. दुबईत २००५ साली छताखाली कृत्रिम हिमाचा सुमारे ४०० मीटर लांबीचा उतार तयार करण्यात आला, आणि बाहेर ऊन भाजत असता आत पारा शून्याच्या खाली ठेवला जातो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरने अधिक. उंची एक किलोमीटर वाढली, की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. केवळ उंचीमुळेच रत्नागिरीपेक्षा सतरा अंश कमी झाले. त्यात ते ठिकाण खूप उत्तरेला, त्यामुळे रात्री पारा शून्याखाली बराच जातो. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, कारण विरळ हवेची शरीराला सवय व्हावी लागते. घरात कोणाला दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

कपड्यांच्या बाबतीत आपण कोकणातले लोक हमखास फसतो. सुती कपडा आपला मित्र. पण हिमात तोच वैरी होतो. सुत घामाने भिजते, लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब शोषून घेते. म्हणून आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा व पाणी आत न येऊ देणारा अंगरखा, असे तीन थर करावे. मोजे मात्र एकच जोडी घालावी. दोन जोड्या घातल्या, की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय अधिकच गारठतात. ताजे हिम उन्हातील अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करते. म्हणून गडद चष्मा हवाच, एरव्ही डोळ्यांना इजा होते.

स्की, बूट, काठ्या व हेल्मेट भाड्याने मिळतात. वाढत्या अंगाच्या मुलासाठी विकत घेणे म्हणजे पैसे हिमात पुरणे होय. नवशिक्याची स्की उभी धरली असता त्याच्या छाती आणि हनुवटी ह्यांच्या दरम्यान यावी. बूट स्कीला ज्या पकडीने जोडलेला असतो, ती पडताना आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर पाय पिरगळून मोडण्याची भीती असते. आणि किती जोर पडला असता ती सुटावी, हे तुमच्या वजनावरून, उंचीवरून व तुम्हाला कितपत येते ह्यावरून ठरवितात. तेव्हा दुकानदाराने विचारल्यास ह्या गोष्टी खऱ्याच सांगाव्या. बढाईखोर मुलाची पकड घट्ट राहते.

शिकण्याचा पहिला दिवस उतारावर जातच नाही. कडक बुटांत घोटा वाकत नाही, त्यामुळे चालणे बदकासारखे होते. सपाटीवर आधी एका पायात स्की घालून सरकावयाचे, मग दोन्ही पायांत. त्यानंतर शिक्षक पडावयास शिकवितात. तोल गेला, तर कुशीच्या बाजूने बसावे. हात टेकून शरीर सावरावयास जाऊ नये, कारण मनगट दुखावते. उठतानाही रीत आहे. स्की उताराला आडव्या करून, त्या आपल्या खालच्या बाजूला घेऊन मगच उठावे. त्यांची टोके उताराच्या दिशेला राहिली, तर उठता उठताच माणूस पुन्हा चालू लागतो.

मग येतो नांगर. स्कीची पुढील टोके जवळ आणि मागील टोके दूर केली, की फाळासारखा आकार होतो. टाचा बाहेर रेटल्या, म्हणजे स्कीच्या आतल्या कडा हिमात रुततात आणि वेग कमी होतो. नांगर जितका रुंद, तितकी गती मंद. साऱ्या जगातील मुले थांबणे बहुधा असेच शिकतात. वळणेही त्यातूनच येते. डाव्या पायावर भार दिला, की माणूस उजवीकडे जातो. हे उलटे का होते, ते दोन पट्ट्या टेबलावर तशा मांडून पाहा. डावी स्की मुळातच उजवीकडे तोंड करून असते.

नवशिक्याचा खरा शत्रू उतार नव्हे. खाली पाहताच भीतीने शरीर मागे झुकते. मागे झुकले, की स्कीचे पुढचे टोक हलके होते आणि ताबा सुटतो. म्हणून शिक्षक एकसारखे सांगत असतात, "गुडघे वाकवा, नडगी बुटाला टेकवा, पुढे पाहा." भित्र्या मुलाला हे लगेच जमत नाही, आणि त्याला हसू नये. आई-बाबांना स्कीइंग येत असले, तरी त्यांनी आपल्या मुलाला स्वतः शिकवू नये असे माझे मत आहे. कारण हवे असल्यास, तुमच्यापैकी ज्यांचे वडील गणिताचे शिक्षक आहेत त्यांना विचारा.

शिक्षक सांगेल त्या खुणेपाशी तीनदा लागोपाठ थांबता आले, म्हणजे थोडे वर जाण्यास हरकत नाही. "एका दिवसात वरून खाली आणतो" असे आश्वासन कोणी दिले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. गुलमर्गचा रज्जुमार्ग दोन टप्प्यांत अफरवट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत चढतो. तेथवर बसून जाणे सोपे आहे, परंतु वरचे उतार कसलेल्यांचे आहेत. आखलेल्या मार्गाबाहेर तर हिमाचे थरच्या थर एकाएकी सुटतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी ह्याच अफरवटवर हिमस्खलन होऊन दोन परदेशी स्कीपटू मृत्यू पावले. सरकारी सूचनेने वरचा टप्पा बंद असेल, तर फोटोसाठी हट्ट धरावयाचा नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

एवढे सारे जमले आणि हिमच पडले नाही, तर? जानेवारी २०२४ मध्ये असेच घडले. गुलमर्गची कुरणे उघडी, तपकिरी पडली होती. शिक्षक, स्की भाड्याने देणारे, घोडेवाले सारे हात बांधून बसले होते, कारण त्यांची वर्षाची कमाई ह्या थोड्या महिन्यांवर असते. महिनाअखेरीस हिम आले, आणि लांबलेल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पार पडल्या. २०२५ मध्ये फेब्रुवारीतही हिम अपुरे पडले, आणि त्याच स्पर्धा मार्चवर गेल्या. म्हणून मुक्कामाचे पैसे भरताना तारीख बदलता येईल का, हे प्रथम विचारावे. निघण्यापूर्वी आठवडाभर हवामान खात्याचे अंदाज रोज पाहावे. आणि हिम नसेल तर श्रीनगरमध्ये काय पाहावयाचे, ह्याची यादी आजीकडून करून घ्यावी, कारण त्या दिवसांचे मार्गदर्शन तिलाच करावे लागेल.