भरतीच्या टोकावरचं दिनाँ

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनी प्रांतात, राँस नावाची नदी सां-मालोजवळ समुद्राला मिळते. मुखापासून वीसेक किलोमीटर आत, तिच्या डाव्या तीरावरच्या कड्यावर दिनाँ वसलेलं आहे. रेल्वेने या किंवा मोटारीने, वाट तुम्हाला वरच्या गावातच आणून सोडते. समोर सुमारे २,७०० मीटर लांबीचा मध्ययुगीन तट असतो, आत लाकडी सांगाड्याची पुढे झुकलेली घरं असतात आणि पंधराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा असतो. त्या मनोऱ्यातली एक घंटा १५०७ मध्ये ब्रिटनीच्या डचेस ॲनने दिलेली. हे सगळं पाहून झालं, पायांत बळ उरलं, तर प्रवासी जेर्झुआलच्या उतारावरून खाली बंदरावर जातात, नदीकाठी बसतात आणि धापा टाकत परत वर येतात. हा क्रमच उलटा आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. दिनाँ कड्यावर दिसत असलं, तरी ते तिथे आहे ते खालच्या पाण्यामुळे. तट, चर्च, पेठ, घरं यांतलं बहुतेक काही नदीकडून वर येताना आपोआप उलगडत जातं. वरून सुरुवात केली, तर त्याच गोष्टी एकमेकींशी नातं नसलेल्या सुंदर वस्तू होऊन राहतात.

आधी पाण्याचं बघू. सां-मालोच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १३ मीटरांपर्यंत जातो. इतकी मोठी भरती जगात फार थोड्या ठिकाणी येते. हे पाणी राँसच्या रुंद मुखातून आत घुसायचं, डोंगरांच्या फटीतून वर सरकायचं आणि मालाच्या होड्या दिनाँच्या पायथ्याशी आणून ठेवायचं. ओहोटीबरोबर त्या पुन्हा समुद्राकडे निघायच्या. खुष्कीच्या वाटेची अडचण नेमकी याच्या उलट होती. दिनाँच्या खाली खाडी इतकी रुंद आणि तिचं पाणी इतकं चंचल, की बैलगाडी पार करायची तर नदी अरुंद होते तिथवर आत यावंच लागे. समुद्राकडून आलं की नदी पार करता येणारा पहिला जुना पूल दिनाँचा. त्याच्या खालच्या अंगाला रस्त्याचा पूल व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. जलमार्ग जिथे संपतो तिथेच खुष्कीचा मार्ग नदी ओलांडतो आणि त्याच जागी पाण्यापासून सुमारे ७५ मीटर उंच कडा उभा आहे. बाजाराला आणि पहाऱ्याला एकच जागा सोयीची ठरावी, असं सहसा होत नाही.

जुने पुरावेही हेच सांगतात. बायो इथल्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामात नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने ब्रिटनीवर केलेल्या स्वारीचा प्रसंग आहे आणि त्यात दिनाँ आहे. मातीच्या उंच टेकाडावर लाकडी गढी, खाली मशालींनी कुंपण पेटवणारे दोन सैनिक, आणि वरून ब्रिटनीचा ड्यूक कोनान भाल्याच्या टोकाला किल्ल्या अडकवून शत्रूच्या भाल्याकडे सरकवतो आहे. दगडी तट अजून उठलेलाही नाही, पण जागा ताब्यात घेण्याजोगी आहे हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे. पुढच्या शतकात, ११५४ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या भूगोलग्रंथात, सिसिलीच्या दरबारातल्या अल् इद्रीसीने दिनाँची नोंद केली. दूरच्या त्या भूगोलकाराने या गावाविषयी सांगण्याजोग्या म्हणून निवडलेल्या गोष्टी होत्या दगडी तट, व्यापार आणि माल चढवायचं बंदर. आजच्या माहितीपत्रकांत तट आणि बंदर वेगवेगळ्या पानांवर असतात, त्याच्याकडे ते एकत्र होते. नंतर १२८३ मध्ये ड्यूक पहिला जाँ याने दिनाँ विकत घेतलं. तलवार न उपसता, पैसे मोजून. राजे ओसाड कड्यासाठी थैली सोडत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दिनाँचा सर्वांत दिमाखदार भाग म्हणजे किल्ल्याचा तीस मीटरांहून उंच बुरूज. तो नदीच्या डोक्यावर नाही, गावाच्या दक्षिण अंगाला एका दरवाजाशेजारी आहे. मग या गावाला सत्तेने आणि लढायांनी घडवलं, व्यापार नंतर आला, असं का म्हणू नये? हा बुरूज ड्यूक चौथा जाँ याने १३८० च्या दशकात बांधवला. त्याआधी ब्रिटनीच्या गादीसाठी १३४१ पासून १३६४ पर्यंत यादवी झाली होती आणि दिनाँ या जाँच्या प्रतिस्पर्ध्याच्या, शार्ल द ब्लुआच्या बाजूने उभं होतं. बेरत्राँ द्यु गेक्लँ हा फ्रान्सचा नामांकित सेनापतीही त्याच बाजूचा. १३८० मध्ये दूर दक्षिणेत वेढ्यावर असताना तो वारला. दिनाँत आपलं दफन व्हावं ही त्याची इच्छा होती, पण देहाचे भाग वाटेत ठिकठिकाणी पुरले गेले आणि राजाच्या आज्ञेने अस्थी सां-दनीला गेल्या. दिनाँला पोचलं ते फक्त त्याचं हृदय. आज ते सां-सोव्हर चर्चमध्ये आहे. हा सगळा संदर्भ जुळवला की ड्यूकचा बुरूज बाहेरच्या शत्रूइतकाच आतल्या गावावरही नजर ठेवायला उभा राहिला, असं म्हणावं लागतं. आणि नजर ठेवावी असं या गावात होतं तरी काय? स्वतःच्या मिळकतीवर ताठ राहणारी व्यापारी पेठ. ती मिळकत येत होती पूल आणि धक्का यांवरून. बुरूज दक्षिणेला असला, तरी त्याचं कारण पूर्वेला, पाण्यापाशीच सापडतं.

आता जुन्या दगडी पुलापासून वर निघू. धक्का सोडला की पती-फोरची चढण लागते, पुढे जेर्झुआलचा दरवाजा येतो आणि त्याच्या आत जेर्झुआलची गल्ली. खडबडीत दगडी फरसबंदी, आणि चढ असा की पाऊस पडून गेल्यावर तळवे जपूनच टेकावे लागतात. कापड, कातडी, धान्य, लाकूड, सगळा माल याच वाटेने वर-खाली होत असे. दिनाँचं नाव विशेषतः जवसाच्या धाग्याच्या कापडासाठी होतं आणि त्यातलं जाड कापड जहाजांच्या शिडांना जाई. दरवाजा म्हणजे नुसती भिंतीतली कमान नाही. तो जाड तटाच्या पोटातून काढलेला टोकदार कमानींचा बोगदा आहे. चढून दमलेली गाडी इथे थांबणारच, आणि थांबलेल्या गाडीची झडती आणि जकात सोपी. गल्लीतली घरंही जवळून पाहावीत. खालचा मजला दगडी. त्यावर ओकच्या तुळया भिंतीबाहेर हात-दीड हात काढलेल्या, त्यांच्या पुढे आलेल्या टोकांवर वरचा मजला पेललेला. तिरपे वासे खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी ठोकलेले आणि मधल्या मोकळ्या चौकटींत माती-गवताचा कूड. वर मेर्सिए चौकाकडे गेलं, की काही घरांचा पुढे आलेला मजला थेट रस्त्यात रोवलेल्या खांबांवर उभा दिसतो. त्यामुळे खाली ओसरी होते आणि भर पावसात गिऱ्हाईक कोरडं राहतं. या नक्षीदार देखण्या ओसऱ्या मुळात माल मांडायच्या जागा होत्या. खालून माल घेऊन आल्यासारखं चढत गेलं, तर हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं टिकलं कसं, याचं उत्तरही नदीतच आहे आणि ते थोडं चटका लावणारं आहे. नेपोलियनच्या काळात इंग्लंडचं आरमार समुद्र अडवून बसलं होतं. ब्रिटनीच्या टोकाला वळसा न घालता देशातून माल नेता यावा म्हणून रेनपासून राँसपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरचा कालवा काढायचं ठरलं. काम १८०४ मध्ये सुरू झालं आणि १८३२ मध्ये कालवा खुला झाला. जलपाशांची, म्हणजे दारं लावून होडी पाण्यासकट वर-खाली करण्याच्या टाक्यांची, संख्या ४८. दिनाँच्या खाली काही किलोमीटरवर शातलिए इथे असाच एक जलपाश आहे. आज बंदरावर जे शांत, आरशासारखं पाणी दिसतं, ते या दारांनी अडवलेलं आहे. पाठोपाठ १८५२ मध्ये दरीवर दहा कमानींचा पूल झाला, ४० मीटर उंच आणि सुमारे २५० मीटर लांब. गाड्या आता एका डोंगरावरून दुसऱ्यावर सरळ जाऊ लागल्या, आणि शेकडो वर्षं गावाचा श्वास जिथून आत-बाहेर होत होता ती जेर्झुआलची चढण आडबाजूला पडली. रुंदीकरणाची गरज उरली नाही, म्हणून घरं पाडली गेली नाहीत. हा अंदाज नाही, कारण उलट उदाहरण त्याच तटात आहे. पश्चिमेकडचा ब्रेस्त दरवाजा रहदारीच्या वाटेवर होता, तो एकोणिसाव्या शतकातच जमीनदोस्त झाला. जेर्झुआलचा राहिला.

गाव रिकामपणामुळे वाचलं असं म्हणणं, ज्यांनी ते जपलं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ओकचं लाकूड आपोआप चार-पाचशे वर्षं टिकत नाही. कुजलेली तुळई बदलावी लागते, कूड लिंपावा लागतो, तटावरची झाडं काढावी लागतात. इव्होन जाँ-आफेन या चित्रकर्तीने १९३७ मध्ये बंदरावर एक घर घेतलं, तिथे आयुष्यभर ब्रिटनीची चित्रं काढली आणि पुढे ते घर गावालाच दिलं. दर दोन वर्षांनी भरणारा तटबंदीचा उत्सव १९८३ पासून गावकरी चालवत आले आहेत. पण जपायला काही उरलं, ते वाट ओस पडल्यामुळे, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी आहे. जेर्झुआलमध्ये आज काच फुंकणारे, लाकूड कोरणारे, चित्रं विकणारे यांची दुकानं आहेत. हा पर्यटकांसाठी लावलेला देखावा आहे, अशी तक्रार ऐकू येते. मला ती पटत नाही. ही गल्ली बांधली गेली तीच बाहेरून आलेल्या माणसाला हातांनी केलेला माल विकण्यासाठी. गिऱ्हाईक पूर्वी होडीतून यायचं, आता आगगाडीतून येतं. विणकर राहिले नाहीत, ही हानी खरी आहे. रिकाम्या घरांपेक्षा तापलेली भट्टी मात्र केव्हाही बरी.

दिनाँ नदीचं आहे हे एकदा मान्य केलं, की जपायचं काय हा प्रश्नही तटापाशी थांबत नाही. राँसच्या मुखाशी ७५० मीटर लांबीचा बांध घालून भरतीवर चालणारं वीजकेंद्र १९६६ मध्ये सुरू झालं, २४ टर्बाइनं आणि २४० मेगावॉट. एवढ्या मोठ्या प्रमाणावर भरतीपासून वीज काढायचा तो जगातला पहिला प्रयत्न होता आणि धूर न सोडता मिळणाऱ्या त्या विजेचं मोल आज कुणी नाकारणार नाही. पण बांधकामासाठी खाडी सुमारे तीन वर्षं समुद्रापासून तोडली गेली आणि तिच्यातलं जीवन जवळजवळ संपलं. नंतर ते परतलं, तरी पाणी आता टर्बाइनांच्या वेळापत्रकाने चढतं-उतरतं. पूर्वीसारखा वेग नसल्याने गाळ वरच्या अंगाला बसत जातो. तो काढायचा कुणी, टाकायचा कुठे आणि खर्च कुणाच्या माथी, हा वाद राँसकाठी वर्षानुवर्षं चालू आहे. तटाचा एक चिरा निखळला तर तो बसवायला कायदाही आहे आणि निधीही मिळतो. ज्या भरतीने तो चिरा इथवर आणवला, तिच्याकडे मात्र वारसा म्हणून फारसं पाहिलं जात नाही. शातलिएच्या जलपाशाजवळ गाळ अडवण्यासाठी नदीच्या तळात मुद्दाम एक मोठा खड्डा खणलेला आहे. तो भरतो, उपसतात, पुन्हा भरतो. उन्हाळ्यात सां-मालोकडून बोटीने दिनाँला येणारा प्रवासी त्याच्या अंगावरूनच आत येतो.