लिंकर अडला, तर आधी नाव तपासा!

असेंब्लर एकेक फाइल मशिनच्या भाषेत उतरवून ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि लिंकर त्या फाइल्स जोडून प्रोग्रॅम तयार करतो. लिंकरला कोडमधलं काही कळत नाही, कळतात ती फक्त नावं. जुन्या टूलचेनमधल्या बऱ्याच भानगडी इथेच सुरू होतात.

लिंकरच नव्हता! पीडीपी-7 या जुन्या संगणकावरच्या युनिक्समध्ये सगळा सोर्स असेंब्लरला एकदम द्यावा लागे. बाहेर पडणारी ‘ए.आउट’ नावाची फाइल थेट चालायची. नाव सांगितलं नाही, तर लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर आजही हेच नाव देतो.

सहा अक्षरांत आटपा. तेव्हाच्या लिंकरांकडे बघून 1989 च्या सी प्रमाणकाने बाह्य नावांच्या पहिल्या सहाच अक्षरांची हमी दिली. रोमन स्पेलिंगमधले ‘काउंटर1’ आणि ‘काउंटर2’ अशा लिंकरला एकच! 1999 मध्ये ही मर्यादा 31 वर गेली.

एक अंडरस्कोर, पूर्ण खोळंबा. जुन्या युनिक्सवरचा सी कंपायलर प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर लावायचा. लिनक्सने ईएलएफ फॉरमॅट घेतला आणि ही प्रथा सोडली. मॅकओएसने ती अजून जपली आहे. एकीकडची असेंब्ली दुसरीकडे नेली, की ‘अनडिफाइन्ड’ची ओरड ठरलेली.

सगळं कॅपिटल. मॅसम 5 हा असेंब्लर न सांगता सगळी नावं कॅपिटल करायचा. सीमधलं स्मॉल अक्षरांतलं नाव मग जुळणार कसं? त्यासाठी ‘एमएक्स’ हा पर्याय द्यावा लागे.

टायपोला मोकळी वाट. ग्नू असेंब्लरला नाव सापडलं नाही, तर ते दुसऱ्या फाइलमध्ये असेल असं तो धरून चालतो. त्यामुळे स्पेलिंगची चूक लिंकरपर्यंत बिनबोभाट पोचते.

रांगेचा नियम. युनिक्सचा लिंकर लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तोवर मागितलेलंच उचलतो. म्हणून लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलच्या नंतर लिहायची. लायब्ररीच्या आतल्या फाइल्सचाही क्रम लावावा लागे. ‘टीसॉर्ट’ ही कमांड त्यासाठीच जन्मली आणि लिनक्सवर आजही आहे.

तुमची जोडणी अडली, तर कोडला हात लावण्याआधी दोन्ही ऑब्जेक्ट फाइल्सवर ‘एनएम’ ही कमांड चालवा. ‘यू’ म्हणजे नाव हवं आहे, ‘टी’ म्हणजे ते इथे आहे. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक बहुधा तिथेच सापडते.